एका कानाचा बहिरेपणा

लालबाग-परळच्या कापडगिरण्यांत ज्यांनी उमेदीची वर्षे काढली, त्यांच्या घरी बहिरेपणाचे कुणाला नवल वाटत नसे. साचेखात्याच्या खडखडाटात कान जायचेच, असे गृहीत धरले जाई. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. गृहीत धरण्याची सवय मात्र उरली. आता दोष वाहनांच्या गोंगाटाला, वयाला किंवा कानातल्या मळाला दिला जातो. परंतु गोंगाटाचा बहिरेपणा बहुधा दोन्ही कानांना येतो. एकाच कानाला टेलिफोनवरचे शब्द लागेनासे झाले, त्याच कानात सतत गुणगुण चालू राहिली, तर त्याची छाननी व्हायलाच हवी. क्वचित त्यामागे अकूस्टिक न्यूरोमा असतो.

ही गाठ तोल सांभाळणाऱ्या मज्जातंतूच्या आवरणातून वाढते. परळमध्ये ‘गाठ’ म्हटले की नातेवाइकांच्या डोळ्यांपुढे टाटा रुग्णालय उभे राहते; पण हा कर्करोग नव्हे. तिची वाढही बहुधा संथ असते. धोका आहे तो जागेचा. कवटीच्या त्या अरुंद कोपऱ्यात ऐकण्याचा व चेहऱ्याचा मज्जातंतू तिला खेटून असतात. गाठ फुगते तसा चेहऱ्याचा मज्जातंतू तिच्या अंगावर पापुद्र्यासारखा ताणला जातो. १९१७ साली हार्वे कुशिंग यांनी या गाठींवर ग्रंथ लिहिला, तेव्हा रोगी जगवणे हेच यश होते. म्हणून ते गाठ आतून पोखरीत आणि कवच तसेच ठेवीत. १९६० नंतर विल्यम हाउस यांनी येथे सूक्ष्मदर्शकाचा वापर रूढ केला आणि प्रश्नच बदलला. रोगी वाचला, पण त्याचा डोळा मिटतो का? चहाचा घोट ओठाच्या कोपऱ्यातून ओघळतो का?

अखेरचा पापुद्रा मज्जातंतूला घट्ट चिकटला असेल, तर तो सोडून पुढे एमआरआयने नजर ठेवावी, हे काहींना शस्त्रक्रियेचे अपुरेपण वाटते. आमच्या मते ते शहाणपण आहे. श्रवण राखणे तर याहून अवघड. तंतू शाबूत राहिला, तरी अंतर्कर्णाला रक्त पुरविणारी बारीक रोहिणी दुखावली की ऐकणे जाते. गाठ लहान असतानाच ती आशा धरता येते.

१९२६ पासून गिरणगावाचा आधार असलेल्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. होमी दस्तूर यांनी मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग उभा केला. विद्या दाराशी आहे. उशीर होतो तो तेथवर पोहोचण्यात. गल्लीतल्या दवाखान्यात कानाचे थेंब लिहून देण्यापूर्वी श्रवणमापन व्हावे, आणि दोन कानांच्या आलेखांत ठळक तफावत दिसल्यास त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी मिळावी.