पेशीतील पहारा

संथ पाण्याच्या डबक्यात, पाणवनस्पतींच्या देठांना चिकटून, हायड्रा नावाचा एक चिमुकला प्राणी राहतो. त्याची लांबी जेमतेम एक सेंटिमीटर. शरीर पोकळ नळीसारखे आणि तोंडाभोवती धाग्यांसारखे काही बाहू. त्याला ना मेंदू, ना हृदय. सुमारे १७४० साली हॉलंडमध्ये अब्राहम ट्रेंब्ले या निसर्गाभ्यासकाने त्याचे दोन तुकडे केले, तेव्हा प्रत्येक तुकड्यापासून एकेक पूर्ण हायड्रा तयार झाला. हायड्राच्या काही मूळ पेशी जन्मभर विभागत राहतात व झिजलेल्या पेशींची जागा नव्या पेशी घेतात. म्हणून त्याला म्हातारपण असे जवळजवळ येतच नाही. परंतु अशा ह्या प्राण्यालाही एक शत्रू आहे आणि तो बाहेर नसून प्रत्येक पेशीच्या आतच दडलेला आहे.

सजीवाचे शरीर कसे घडवावे, याच्या सूचना पेशीतील डी.एन.ए. नावाच्या लांबलचक रेणूत साठविलेल्या असतात. डी.एन.ए. ही जणू मूळ पोथी होय. तिच्यातील मजकूर चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो. पोथी जागेवरच राहते. कामापुरता मजकूर आर.एन.ए. नावाच्या अल्पायुषी नकलेच्या रूपाने उतरवून घेतला जातो. ह्या पोथीत काही उपरे मजकूर असे आहेत, की ते आपली जागा सोडून दुसरीकडे जाऊन बसतात किंवा आपल्या प्रती इतरत्र घुसवितात. त्यांना ट्रान्सपोझॉन म्हणतात. बार्बारा मॅक्लिंटॉक या अमेरिकन विदुषीने १९४० नंतरच्या दशकात मक्याच्या दाण्यांवरील रंगीत ठिपक्यांचा अभ्यास करून त्यांचा छडा लावला. त्यांच्या म्हणण्याकडे पुष्कळांनी दीर्घकाळ दुर्लक्ष केले. नोबेल पारितोषिक मिळाले ते १९८३ साली!

असा उपरा मजकूर एखाद्या आवश्यक सूचनेच्या मधोमध घुसला, तर ती सूचना निरुपयोगी होते. हायड्राच्या पोथीचा निम्म्याहून अधिक भाग अशाच मजकुराने व त्याच्या अवशेषांनी भरलेला आहे. सतत विभागणाऱ्या मूळ पेशीत बिघाड झाला, तर तो तिच्यापासून होणाऱ्या सर्व पेशींत उतरेल. म्हणून तेथे कडक पहारा लागतो.

हा पहारा पिवी नावाची प्रथिने करतात. प्रत्येक पिवी प्रथिन आर.एन.ए.चा एक लहानसा तुकडा धरून असते. हा तुकडा साधारणतः २४ ते ३१ अक्षरांचा असतो. कुलपाला किल्ली बसावी, त्याप्रमाणे त्याची अक्षरे ट्रान्सपोझॉनच्या आर.एन.ए. नकलेशी जुळतात. जुळणी झाली, की पिवी ती नक्कल कापून टाकते. गंमत अशी, की कापलेल्या नकलेपासूनच पहाऱ्यासाठी आणखी लहान तुकडे तयार होतात. म्हणजे शत्रू जितका जोर करील, तितके पहारेकरी वाढतात. हायड्राच्या मूळ पेशींत ही प्रथिने विपुल असतात. शास्त्रज्ञांनी प्रयोगात त्याच्या शरीरभित्तीच्या पेशींतील एक पिवी प्रथिन कमी केले, तेव्हा ते हायड्रा जगू शकले नाहीत.

पण पहारेकऱ्यांना शत्रूची ओळख पटते कशी? याचे उत्तर फळमाशीत मिळाले. तिच्या डी.एन.ए.त काही ठिकाणी जुन्या ट्रान्सपोझॉनचे मोडके तुकडे साठलेले असतात. लहान आर.एन.ए. तेथून तयार होतात आणि आई ते अंड्यात भरून ठेवते. विसाव्या शतकाच्या मध्यास एक नवा ट्रान्सपोझॉन दुसऱ्या जातीच्या माशीतून फळमाशीत शिरला व रानातील फळमाश्यांत सर्वत्र पसरला. प्रयोगशाळेतील बाटल्यांत आधीपासून वाढविलेल्या माश्या मात्र त्यापासून अलिप्त राहिल्या. पुढे रानातील नर व बाटलीतील मादी यांची संतती पुष्कळदा वांझ निपजू लागली. उलट, आई रानातील असली, तर संतती धडधाकट होई. कारण त्या आईने अंड्यात पहारेकरी दिलेले असत.

ही युक्ती किती प्राचीन असावी? २००८ साली ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळील प्रवाळखडकांवर राहणाऱ्या एका स्पंजात असेच लहान आर.एन.ए. सापडले, समुद्रपुष्पातही सापडले. स्पंजांची शाखा इतर प्राण्यांपासून ६० कोटी वर्षांहूनही पूर्वी वेगळी झाली. अर्थात हा पहारा त्याहूनही जुना ठरतो.

एवढी जुनी व्यवस्था कोणी सोडणार नाही, असे वाटेल. परंतु सूत्रकृमींची हकीकत निराळीच आहे. मातीत राहणाऱ्या एक मिलिमीटर लांबीच्या एका सूत्रकृमीत पिवीचा पहारा आजही आहे, त्याचे आर.एन.ए. मात्र केवळ २१ अक्षरांचे असतात. डुकराच्या आतड्यात राहणारा मोठा जंत त्याचाच दूरचा भाऊबंद. पण त्याने पिवी पार गमावली आहे. तरीही त्याच्या पेशी ट्रान्सपोझॉनच्या हाती गेलेल्या नाहीत. त्या शत्रूच्या आर.एन.ए.वरूनच दुसरे, बहुधा २२ अक्षरांचे आर.एन.ए. घडवितात आणि ते वेगळ्या जातीच्या प्रथिनांच्या हाती देऊन पहारा चालू ठेवतात.