नियम कोणता आणि मंत्रचळ कोणता?

कासारवाडीतील दुकानदार रात्री शटर ओढतो, कुलूप एकदा हिसकून पाहतो आणि घरी जातो. ही दक्षता होय. तोच अर्ध्या वाटेवरून पाच-सहा वेळा परतून कुलूप तपासू लागला, तर तो विकार समजावा. मराठीत यास ‘मंत्रचळ’ म्हणतात. वैद्यकशास्त्र ‘ओसीडी’ म्हणते.

आपल्या घरांत हा विकार सहज लपतो. पाणी गाळणे, जागा पुंजणे, शुद्धी राखणे हे आपले आचारच आहेत. सामायिक 48 मिनिटांचे. ते पूर्ण होताच मन शांत होते. विकारग्रस्त मात्र ‘उच्चार चुकला’ या शंकेने पुन्हा पुन्हा आरंभ करतो. नियमाला समाप्ती असते, मंत्रचळाला नसते. नियम श्रद्धेने पाळला जातो, मंत्रचळ भीतीने.

1966 साली लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयातील व्हिक्टर मायर यांनी दोन रुग्णांवरील उपचार प्रसिद्ध केले. रुग्णास भीतीच्या कारणासमोर न्यायचे, परंतु नित्याची कृती करू द्यायची नाही, हे त्याचे सूत्र. पुढे त्यातून ‘ईआरपी’ ही पद्धती विकसित झाली. रुग्ण व तज्ज्ञ मिळून भीतींची चढती यादी करतात आणि सौम्य भीतीपासून प्रारंभ करतात. कुलूप एकदाच लावून निघायचे, परतायचे नाही. अस्वस्थता वाढते, तरीही ती सोसता येते आणि बहुधा आपोआप ओसरते, हे मन अनुभवाने शिकते. गरजेनुसार औषधेही दिली जातात.

या उपचारात व्रतभंग करावा लागत नाही. सोडायची असते ती केवळ भीतीपोटी होणारी पुनरावृत्ती. शंका असल्यास महाराजसाहेबांकडून नियमाची मर्यादा एकदाच समजून घ्यावी आणि ती तज्ज्ञांना सांगावी.

घरच्यांनी ‘कुलूप लागले आहे’ अशी ग्वाही वारंवार देऊ नये. तिने क्षणभर दिलासा मिळतो, पण विकार बळावतो. रागावणेही व्यर्थ. ‘तुला त्रास होतो आहे, हे कळते, आपण थोडे थांबू या’ एवढे म्हणणे अधिक हितकारक.

सोयरीक अडेल या भयाने अनेक कुटुंबे हे दुखणे झाकतात आणि मुलामुलींची उमेदीची वर्षे वाया जातात. पिंपरीच्या संत तुकारामनगरातील डॉ. डी. वाय. पाटील रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. ‘टेलि-मानस’च्या 14416 या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो. मधुमेहासाठी आपण वैद्याकडे जातो; मनाच्या दुखण्यासाठी जाण्यात कमीपणा कसला?