चौथा तास

१२ सप्टेंबर २०२१ रोजी वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा देशभर झाली. मुंबईतल्या एका केंद्रावर डिसग्राफिया असलेली एक विद्यार्थिनी पेपर सोडवत होती. उत्तर माहीत असतं, पण ते हाताने कागदावर उतरवताना अडखळायला होतं, अशी ही अक्षमता. तिच्याकडे ४० टक्के कायमस्वरूपी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र होतं आणि तीन तासांच्या पेपरला तिला एक तास वाढवून मिळायला हवा होता. तीन तास संपले, तेव्हा इतर सगळ्यांबरोबर तिचीही उत्तरपत्रिका काढून घेतली गेली. नियम अस्तित्वात होता. त्या वर्गापर्यंत तो पोहोचला नव्हता.

मुंबई उच्च न्यायालयात तिला दाद मिळाली नाही, म्हणून ती सर्वोच्च न्यायालयात गेली. न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. ए. एस. बोपण्णा यांनी २३ नोव्हेंबर २०२१ रोजी निकाल दिला. तिच्यावर अन्याय झाला हे न्यायालयाने स्पष्ट शब्दांत मान्य केलं, मात्र एकटीसाठी पुन्हा परीक्षा घ्यायचा आदेश दिला नाही. झालेली चूक कशी भरून काढता येईल याचा आठवड्यात विचार करा, असं राष्ट्रीय परीक्षा संस्थेला, म्हणजे एनटीएला, सांगितलं. शिवाय परीक्षाकेंद्रांवरच्या कर्मचाऱ्यांना दिव्यांग विद्यार्थ्यांच्या सोयींबद्दल प्रशिक्षण दिलंच पाहिजे, असंही बजावलं. हक्क मान्य झाला, पण गेलेला तास परत आणण्याची वाट कुणाकडेच नव्हती. प्रवेश परीक्षांच्या नियमांबद्दल बोलताना मला हीच गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची वाटते. इथे चूक नंतर दुरुस्त होत नाही. जे द्यायचं ते त्याच दिवशी, त्याच बाकावर द्यावं लागतं.

हा तास येतो कुठून? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं मान्य केली आहेत. जुन्या १९९५ च्या कायद्यात ती सातच होती. नव्या यादीत विशिष्ट अध्ययन अक्षमता आली, स्वमग्नता आली, हिमोफिलिया आणि सिकल सेलही आले. विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या आदिवासी भागांतल्या कुटुंबांना सिकल सेलचा हा उल्लेख किती मोलाचा आहे, हे वेगळं सांगायला नको. कायद्याच्या कलम १७ मध्ये परीक्षापद्धतीत योग्य ते बदल करणं हे सरकारचं कर्तव्य म्हणून लिहिलं आहे. वाढीव वेळ आणि लेखनिक हे शब्द त्या कलमातच आहेत. त्याच्या तपशिलासाठी केंद्राच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाने २९ ऑगस्ट २०१८ रोजी मार्गदर्शक तत्त्वं काढली. तासाला किमान २० मिनिटं वाढीव वेळ हा हिशेब त्यांतलाच. लक्षणीय, म्हणजे किमान ४० टक्के, दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्याने लेखनिक घेतला नाही, तरी तीन तासांच्या पेपरला एक तास त्याचाच असतो.

‘नीट’च्या बाबतीत हा तास म्हणजे नेमकं काय, ते पाहू. २०२५ मध्ये पेपर १८० प्रश्नांचा आणि १८० मिनिटांचा होता. एका प्रश्नाला एक मिनिट. त्या मिनिटात प्रश्न वाचायचा, गणित करायचं आणि ओएमआर शीटवरचं वर्तुळ काळ्या बॉलपेनने पूर्ण भरायचं. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक गुण वजा. ज्याचा हात थरथरतो त्याचं वर्तुळ बाहेर जातं, शेजारच्या वर्तुळाला खूण लागते, आणि शाईची खूण खोडता येत नाही. साठ मिनिटं वाढली की प्रश्नामागे ८० सेकंद मिळतात. हे २० सेकंद विचार करायला नसतात. इतरांचा हात जे काम आपोआप करतो, त्या कामाला ते लागतात.

तासामागची ही २० मिनिटं मात्र सगळ्यांना सरसकट तेवढीच. दोन्ही हातांनी अधू असलेल्या मुलालाही तेवढीच, डिस्लेक्सिया असलेल्या मुलीलाही तेवढीच. मार्गदर्शक तत्त्वांत ‘किमान’ असा शब्द आहे, पण परीक्षा घेणारे तो कमाल म्हणूनच वाचतात. याउलट, अमेरिकेत एसएटी ही प्रवेश परीक्षा घेणारं कॉलेज बोर्ड प्रत्येक अर्ज वेगळा तपासतं. कुणाला दीडपट वेळ मिळतो, कुणाला दुप्पट, तर कुणाला वेळ तेवढाच ठेवून मधे जास्तीच्या विश्रांती मिळतात. पाठीच्या दुखण्याने तासभरही सलग बसू न शकणाऱ्या मुलाला जादा मिनिटांपेक्षा पाच मिनिटं आडवं होणं जास्त उपयोगाचं असतं. आपल्याकडे चौथा तास म्हणजे आणखी तासभर त्याच बाकावर बसणं. ‘नीट’चं फाटक दुपारी दीडला बंद होतं, पेपर दोनला सुरू होतो, आणि मे महिन्याच्या उकाड्यात हे मूल संध्याकाळी सहापर्यंत बसून असतं.

आता लेखनिकाकडे येऊ. मुलं त्याला ‘रायटर’च म्हणतात. २०१८ च्या तत्त्वांप्रमाणे विद्यार्थी आपला लेखनिक आणू शकत होता किंवा परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडून मागू शकत होता. स्वतः आणायचा असेल, तर त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी कमी असावं, अशी अट होती. त्यामागचं कारण उघड आहे. लेखनिकाने स्वतःच पेपर सोडवू नये. पण विज्ञानाच्या पेपरात याचा दुसरा परिणाम होतो, आणि तो ज्यांनी अनुभवलाय त्यांनाच कळतो.

अंध विद्यार्थ्यासाठी लेखनिक हा आधी वाचक असतो. समजा, प्रश्नात वर्गमूळाचं चिन्ह आहे, त्याखाली एक्स अधिक वाय आहे. वाचणारा म्हणतो, “रूट एक्स प्लस वाय.” वर्गमूळाची आडवी रेघ एक्सवरच थांबते की वायपर्यंत जाते? उत्तर त्यावर ठरतं. “ए अपॉन बी प्लस सी” म्हटलं, तर सी रेघेखाली आहे की बाहेर? ज्याने अकरावीचं गणित पाहिलेलं नाही, त्याला इथे थांबून सांगायला हवं हेच सुचत नाही. समाकलनाच्या चिन्हावरच्या आणि खालच्या मर्यादा कोणत्या क्रमाने वाचायच्या, हे त्याला ठाऊक नसतं. आलेखाचं वर्णन तर विचारूच नका. विद्यार्थी पुन्हा विचारतो, लेखनिक पुन्हा वाचतो, आणि दोन मिनिटं गेलेली असतात. म्हणजे जो वेळ भरपाई म्हणून दिला, तो वाचण्यातल्या गोंधळातच संपतो.

महाराष्ट्राच्या एमएचटी-सीईटी या प्रवेश परीक्षेत याला आणखी एक पदर आहे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र मराठीतून देता येतं, पण गणिताचा पेपर इंग्रजीतच असतो. मराठी माध्यमातून शिकलेल्या अंध किंवा अल्पदृष्टी मुलाने गावातून दहावी झालेला रायटर आणला, तर गणिताची इंग्रजी वाक्यं त्या रायटरच्याही सवयीची नसतात. शिवाय तो पेपर संगणकावर असतो. ९० मिनिटं भौतिक-रसायन, मग ९० मिनिटं गणित किंवा जीवशास्त्र. म्हणून विद्यार्थी आणि लेखनिक यांची आधी भेट झालीच पाहिजे. दोन दिवस आधी ती व्हावी, असं २०१८ च्या तत्त्वांत लिहिलेलं होतं. माझ्या मते दोन दिवस पुरत नाहीत. चिन्हं कशी वाचायची हे दोघांनी मिळून ठरवायला महिनाभर सराव परीक्षा एकत्र द्यायला हव्यात. पुण्या-मुंबईत महाविद्यालयीन मुलांचे गट हे काम हौसेने करतात. तालुक्याच्या ठिकाणी रायटर मिळवणं ही आईवडिलांची वणवण असते. हे काम परीक्षा घेणाऱ्यांचंच आहे. प्रशिक्षित लेखनिकांची यादी प्रत्येक जिल्ह्यात तयार ठेवणं त्यांना अशक्य नाही.

यानंतरचा प्रश्न ४० टक्क्यांच्या रेघेचा. कायद्यात ‘दिव्यांग व्यक्ती’ आणि ‘लक्षणीय दिव्यांगत्व असलेली व्यक्ती’ या दोन वेगळ्या व्याख्या आहेत. ४० टक्क्यांची अट फक्त दुसरीला लागते. उच्च शिक्षणातल्या पाच टक्के राखीव जागांसाठी ती आहे. लेखनिक आणि वेळ यांसाठीही तीच अट वर्षानुवर्षं लावली गेली. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नागरी सेवा परीक्षेच्या एका उमेदवाराच्या बाजूने निकाल दिला. लिहिताना त्याच्या हाताला पेटके येत, पण टक्केवारी भरत नव्हती. त्या निकालामुळे १० ऑगस्ट २०२२ ला ४० टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असलेल्या, लिहिण्यात अडचण असलेल्या उमेदवारांसाठी वेगळी तत्त्वं आली. पुढे ३ फेब्रुवारी २०२५ रोजी न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांनी बँक भरतीच्या परीक्षेतल्या एका प्रकरणात या सोयी टक्केवारी न पाहता सगळ्या दिव्यांग उमेदवारांना द्याव्यात, असं सांगितलं. त्या उमेदवाराचं दिव्यांगत्व २५ टक्के होतं. २५ टक्के म्हणजे चतुर्थांश त्रास, असं शरीरात होत नाही. बोटं वळत नसतील, तर तीन तास लिहिणाऱ्याला तो त्रास पूर्णच असतो.

वैद्यकीय प्रवेशात हीच रेघ उलट्या बाजूनेही आडवी येत होती. राखीव जागेसाठी ४० टक्के हवेत, आणि काही प्रकारांत त्याहून जास्त असलं की अभ्यासक्रमालाच अपात्र ठरवलं जायचं! महाराष्ट्रातल्या एका वाचादोष असलेल्या विद्यार्थ्याच्या प्रकरणात ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की केवळ आकडा ४० च्या वर गेला म्हणून कुणाला अपात्र ठरवता येणार नाही. हा विद्यार्थी एमबीबीएस पूर्ण करू शकेल की नाही, याचं उत्तर तपासणी मंडळाने दिलं पाहिजे.

अध्ययन अक्षमतेच्या बाबतीत पालकांची सर्वांत मोठी फसगत कागदपत्रांत होते. महाराष्ट्रात दहावी-बारावीच्या परीक्षांना डिस्लेक्सियाच्या सवलती बरीच वर्षं आहेत. मुंबईत सायन किंवा नायर रुग्णालयातून दाखला घेतला की बोर्डाचं काम होतं. त्याच दाखल्यावर राष्ट्रीय परीक्षेचंही भागेल, असं घरात गृहीत धरलं जातं. पण तिथे दिव्यांग कायद्याच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, विचारलं जातं. २०१८ च्या मूल्यमापनाच्या तत्त्वांनी असं ठरवलं होतं की हे प्रमाणपत्र आठव्या वर्षानंतर मिळावं, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी व्हावी, आणि अठराव्या वर्षीचं प्रमाणपत्र मग कायमचं चालावं. आता बारावीच्या मुलाचं वय पाहा: सतरा, साडेसतरा. जुन्याची मुदत संपत आलेली आणि नव्याची वेळ नेमकी प्रवेशाच्या धावपळीत. म्हणून अकरावीतच, शक्य तर दहावीच्या सुट्टीत, जिल्हा रुग्णालयात नाव नोंदवा. लेखनिकासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या सहीचा वेगळा नमुना लागतो का, तेही तेव्हाच विचारून घ्या. परीक्षेच्या अर्जात दिव्यांगत्व, वाढीव वेळ आणि लेखनिक यांची नोंद करायला विसरू नका. त्यात राहिलं, तर केंद्रावर कितीही विनवण्या केल्या तरी हाती काही लागत नाही. आणि नियम दरवर्षी थोडे बदलतात, म्हणून त्या वर्षीचं माहितीपत्रक मुळातून वाचायचं, क्लासने पाठवलेल्या सारांशावर थांबायचं नाही.

टाइप वन मधुमेह असलेल्या मुलांसाठीही सोय आहे. पुष्कळांना ती माहीत नसते. अभियांत्रिकी प्रवेशाच्या जेईई मेन परीक्षेच्या नियमांत अशा विद्यार्थ्यांना साखरेच्या गोळ्या, केळं, सफरचंद किंवा संत्र्यासारखं फळ आणि पारदर्शक बाटलीत पाणी नेता येतं. चॉकलेट, सँडविचसारखे वेष्टनातले पदार्थ चालत नाहीत. झडतीला उभ्या असलेल्या माणसाला हे माहीत नसेल, तर केळं बाहेर ठेवावं लागतं, आणि पेपर चालू असताना साखर उतरली तर ते मूल बेशुद्धही पडू शकतं. श्रवणयंत्र, कॅलिपर, इन्सुलिन पंप यांचंही तसंच. डॉक्टरांचं पत्र सोबत हवं आणि ते पहिल्याच टेबलावर दाखवायला हवं.

खोट्या प्रमाणपत्रांचं काय, असं कुणीतरी विचारतंच. ते घडतं. अमेरिकेत २०१९ मध्ये उघड झालेल्या प्रवेश घोटाळ्यात श्रीमंत पालकांनी मुलांना अध्ययन अक्षमता असल्याचं खोटं निदान मिळवून जादा वेळ घेतला होता. आपल्याकडेही २०२४ मध्ये नागरी सेवा परीक्षेतल्या दिव्यांग प्रमाणपत्राबद्दलचे आरोप गाजले. खोटं पकडायची जागा म्हणजे प्रमाणपत्र देणारं वैद्यकीय मंडळ. परीक्षेच्या दिवशी पर्यवेक्षकाने संशयाने पाहिल्याने लबाड सापडत नाही. खऱ्या मुलाची दहा मिनिटं जातात आणि मन पेपरावरून उडतं. असाच संशय गुणपत्रिकेवरही दिसायचा: अमेरिकेत एसएटीचा पेपर जादा वेळेत दिला की गुणपत्रिकेवर तशी वेगळी खूण असे. एका दिव्यांग परीक्षार्थीने दुसऱ्या परीक्षेबद्दल न्यायालयात लढा दिल्यानंतर हळूहळू ही प्रथा मोडली, आणि २००३ पासून एसएटीच्या गुणपत्रिकेवरूनही ती खूण गेली.

एवढं करूनही केंद्रावर नकार मिळाला तर? वाद घालण्यात पेपरची मिनिटं घालवू नका. केंद्र संचालकांना भेटायला पालक बाहेर असतील, तर नियमाची छापील प्रत त्यांच्या हातात असू द्या. नकार लेखी मागा. ते देत नसतील, तर आपला तक्रार अर्ज वेळ घालून तिथेच द्या आणि पोच घ्या. त्याच दिवशी परीक्षा घेणाऱ्या संस्थेला ईमेल करा. त्यानंतर पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे जाता येतं. राज्य आयुक्तांना साक्षीदार बोलावण्याचे आणि कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार कायद्याच्या कलम ८२ ने दिले आहेत, आणि तिथे वकील लावावाच लागतो असं नाही. केंद्रीय परीक्षेबद्दलची तक्रार दिल्लीतल्या मुख्य आयुक्तांकडे करता येते. निकाल लागायच्या आत ही पावलं उचला. गुणवत्ता यादी लागून जागा भरल्या गेल्या की न्यायालयालाही द्यायला फारसं काही उरत नाही.