शाळा आणि पालक यांची भागीदारी : सुदुंबरे परिसराच्या संदर्भात

प्राथमिक शिक्षणाच्या गुणवत्तेची चर्चा बहुधा शिक्षक, अभ्यासक्रम आणि भौतिक सुविधा यांपुरती मर्यादित राहते. मूल मात्र दिवसातील पाच-सहा तासच शाळेत असते. असे असूनही शाळेच्या दृष्टीने पालक हा दीर्घकाळ केवळ मुलाला शाळेत पाठविण्यास बांधील असलेला घटक होता. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, तेव्हा मुलास शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंडाची तरतूद होती. मुलांना शाळेच्या दारापर्यंत आणणे हाच त्या काळचा मुख्य प्रश्न असल्याने ती तरतूद योग्यच म्हणावी लागेल.

१ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याने ही भूमिका बदलली. कलम १० मध्ये पालकाचे कर्तव्य सांगितले आहे, दंड नाही. कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असणे आवश्यक ठरले. कलम २४ ने पाल्याची उपस्थिती, अध्ययनक्षमता व प्रगती पालकांना नियमित बैठकांतून कळविण्याची जबाबदारी शिक्षकावर टाकली.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ जॉइस एपस्टाइन यांनी पालक-सहभागाचे सहा प्रकार मानले आहेत : पालकत्व, संवाद, स्वयंसेवा, घरातील अध्ययन, निर्णयप्रक्रिया आणि समाजाशी सहकार्य. भारतीय कायद्याचा भर यांपैकी निर्णयप्रक्रिया व संवाद यांवर आहे. मुलाच्या शिकण्याशी ज्याचा सर्वांत निकटचा संबंध, ते घरातील अध्ययन मात्र जवळजवळ अस्पर्शित राहिले आहे.

मावळ तालुक्यातील सुदुंबरे परिसर या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. एका बाजूस चाकण, दुसऱ्या बाजूस तळेगावची औद्योगिक वसाहत आणि मध्ये शेती, अशी या भागाची रचना आहे. अशा गावात सकाळी अकराची पालकसभा म्हणजे पहिल्या पाळीच्या कामगाराचा खाडा आणि रोजंदारीवरील आईची बुडालेली मजुरी होय. भाताच्या आवणीच्या दिवसांत तर सभेला कोणी फिरकणार नाही, हे मावळात सांगावे लागू नये. तरीही या अनुपस्थितीची नोंद ‘पालक उदासीन’ अशीच होते. सभेची वेळ पाळ्या पाहून ठरविणे, वर्षातून दोनदा ती वस्तीवर घेणे, हे उपाय खर्चिक नाहीत.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. ‘घरी अभ्यास घ्या’ ही सूचना स्वतः फारसे न शिकलेल्या पालकास निरुपयोगी, काहीशी अपमानास्पदही ठरते. त्याने शिकवावे, ही अपेक्षाच चुकीची आहे. मुलाने धडा मोठ्याने वाचावा, आईने ऐकावा आणि ‘मग पुढे काय झाले?’ एवढे विचारावे. बाजारहाटाचा हिशेब मुलाकडून करून घ्यावा. यास साक्षरतेची अट नाही. सुदुंबरे येथे संताजी जगनाडे महाराजांची समाधी आहे. तुकोबांचे अभंग ऐकून लिहून ठेवणारे म्हणून संताजींची ख्याती. ऐकलेले लिहून ठेवण्याची ही परंपरा ज्या गावास परिचित आहे, तेथे आजीने सांगितलेली आवणीची रीत तिसरीतील मुलाने तिच्याच शब्दांत लिहून वर्गात वाचणे सहज शक्य आहे. त्यातून लेखनाचा सराव होतो. शिवाय, आपल्याजवळही शिकविण्यासारखे काही आहे, हे घराला प्रथमच कळते.

महाराष्ट्रात २०२२ साली राबविलेल्या ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानात गावोगावी माता-पालक गट करून घरगुती वस्तूंच्या आधारे कृती देण्यात आल्या. दिशा योग्य होती. मात्र त्या उपक्रमाचा रोख पहिलीच्या प्रवेशावर होता. मूल तिसरी-चौथीत अडखळते, तेव्हाही अशा गटाची गरज असते. शिवाय ‘पालक’ म्हणजे केवळ माता, हा समज वडिलांना सोयीचा वाटला तरी मुलाच्या हिताचा नाही.

प्रगतिपुस्तकावरील ‘ब-२’ ही श्रेणी पाहून पालक सही करतो. त्याला त्यातून काहीही कळत नाही. ‘हातच्याची वजाबाकी अजून जमत नाही, वाचन सुधारले आहे’ असे दोन ओळींत लिहिले, किंवा निरक्षर पालकास तोंडी सांगितले, तर घरात त्यावर काही करता येते. समितीच्या इतिवृत्तातही पोषण आहार व दुरुस्तीच्या विषयांबरोबर कोणत्या इयत्तेतील किती मुले सलग वाचू शकतात, हा प्रश्न दरमहा नोंदविला जावा आणि तो विचारणारा सदस्य पालक असावा.