बेताल हृदय आणि अर्धशक्तीचा व्यायाम

सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याच्या आसमंतात आणि सिद्धेश्वर तलावाच्या काठी भल्या पहाटे जी मंडळी नित्यनेमाने फेरफटका मारतात, त्यांत असा एखादा गृहस्थ हटकून असतो, की ज्याच्या हृदयाची लय बिघडल्याचे निदान नुकतेच झालेले आहे आणि ज्याच्या घरी त्या दिवसापासून ‘जिना चढू नका, पिशवी उचलू नका, स्वस्थ पडून राहा’ असे फर्मान सुटलेले आहे. तो बिचारा घरच्यांचा डोळा चुकवूनच फिरायला येतो. या फर्मानामागे माया असते हे खरे, परंतु शास्त्राचा आधार त्याला फारसा नाही.

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात एक सूक्ष्म पेशीसमूह असतो व त्याच्या विद्युत्संदेशानुसार, विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा, हृदयाचे ठोके पडतात. कचेरीत एकाच अंमलदाराचा हुकूम चालावा, तसा हा कारभार आहे. ‘ॲट्रियल फिब्रिलेशन’ या विकारात मात्र वरच्या कप्प्यांत जागोजागी हुकूम सुटू लागतात. मिनिटाला ३५० हून अधिक संदेशांच्या त्या गर्दीत कप्पे धड आकुंचन न पावता नुसते थरथरतात, रक्त तेथे साकळते, गुठळी मेंदूकडे गेल्यास पक्षाघात होतो, आणि हा धोका इतरांपेक्षा सुमारे पाचपट असतो. उच्च रक्तदाब, थायरॉईडचा दोष किंवा लहानपणच्या संधिवाती ज्वराने अरुंद झालेली झडप ही या विकाराची नेहमीची कारणे होत. (रक्तदाबवाल्यांनी शेंगाचटणीवर हात आखडता घ्यावा हे सोलापुरात सांगणे धाडसाचे आहे, तरी सांगितले पाहिजे.) मात्र चुकलेला प्रत्येक ठोका म्हणजे हाच विकार नव्हे. मधूनच पडणारा एखादा जादा ठोका पुष्कळांच्या हृदयात असतो, बहुधा निरुपद्रवी असतो आणि चालू लागताच अनेकदा नाहीसा होतो. श्रमाबरोबर तो वाढत असेल, तर मात्र तपासणी टाळू नये.

म्हणून व्यायामाआधी निदान पक्के करून घ्यावे. सिव्हिलमध्ये जा किंवा खासगी दवाखान्यात, ईसीजी आणि टूडी-एको या तपासण्या बहुधा होतातच. गरज वाटल्यास डॉक्टर २४ तासांचा होल्टर किंवा पट्ट्यावर चालवून घेण्याची चाचणीही सुचवतात. हृदयाची गती औषधाने काबूत आली आणि रक्त पातळ ठेवण्याच्या गोळीची तजवीज झाली, की चालण्यास बहुतेकांना मुभा मिळते.

किती चालावे, या प्रश्नाचे उत्तर आपल्या जुन्या वैद्यकाने विलक्षण नेमकेपणाने देऊन ठेवले आहे. सुश्रुत व वाग्भट या दोघांनीही अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावा असे म्हटले असून, श्वास तोंडावाटे येऊ लागला की अर्धी शक्ती खर्ची पडली, अशी खूण सुश्रुताने सांगितली आहे. आजचे हृदयतज्ज्ञ सांगतात ती कसोटी याहून फार निराळी नाही: चालताना सोबत्याशी बोलता यावे, पण गाता येऊ नये. या रुग्णांना हीच कसोटी विशेष उपयोगी, कारण लय बिघडलेली असताना मनगटावरचे घड्याळ दाखवील तो आकडा भरवशाचा नसतो, आणि मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर नाडीची गती श्रमानेही पुरेशी वाढत नाही. नाडी पाहायचीच तर अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर तीन बोटे अलगद टेकवून पूर्ण एक मिनिट मोजावी. १५ सेकंद मोजून चौपट करण्याचा शिरस्ता येथे फसवतो.

वाग्भटाने आणखी एक गोष्ट बजावली आहे, आणि ती जणू सोलापूरकरांसाठीच: अर्धशक्तीची मुभा थंडीत आणि वसंतात, एरवी त्याहूनही कमी. एप्रिल-मे महिन्यांत येथील पारा ४० अंशांच्या वर जातो, घामावाटे पाणी व क्षार निघून जातात, आणि पोटॅशियम घटले की लय अधिकच बिघडते. तेव्हा उन्हाळ्यात सूर्योदयापूर्वीच फिरून यावे; लघवी वाढविणारी गोळी चालू असणाऱ्यांनी पाणी किती प्यावे हे आधी डॉक्टरांना विचारून ठेवावे.

व्यायामाने खरोखर फायदा होतो का, हे पाहण्यासाठी ऑस्ट्रेलियात ॲडलेड येथे ॲट्रियल फिब्रिलेशनच्या १२० रुग्णांवर एक प्रयोग झाला. त्यांतील निम्म्यांना सहा महिने देखरेखीखाली व्यायाम दिला; वर्षअखेरीस त्यांच्यापैकी शेकडा ४० जणांना विकाराने पुन्हा गाठले नव्हते, तर केवळ नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण शेकडा २० होते. उलट, स्वीडनच्या ‘वासालोपेट’ या ९० किलोमीटरच्या बर्फावरील स्की-शर्यतीत वारंवार उतरणाऱ्यांत आणि ती वेगाने पार करणाऱ्यांत लय बिघडण्याचे प्रमाण अधिक आढळले. अतिरेकाचे समर्थन कोणत्याच बाजूने होत नाही.

आपल्या जिल्ह्यात पंढरपूर असल्यामुळे, लय बिघडलेल्या वारकऱ्याने आळंदीहून पायी यावे का, हा प्रश्न दरवर्षी उपस्थित होतो. सरसकट नकार देण्याचे कारण नाही. परंतु सुमारे अडीचशे किलोमीटरच्या वाटेची तयारी दोन-तीन महिने आधीपासून, रोज थोडे अंतर वाढवीत झालेली असावी, आणि गोळ्यांची एकही मात्रा मुक्कामाच्या धांदलीत चुकू नये. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज पेलण्याची गोष्ट निराळी: श्वास रोखून जड भार तोलण्याचे श्रम अशा रुग्णाने पत्करू नयेत. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याने कुस्ती-कबड्डीपासूनही दूर राहावे, आणि पडून डोक्याला मार लागला, तर जखम दिसत नसली तरी इस्पितळ गाठावे.

छातीत दुखले, भोवळ आली किंवा धाप लागून बोलणे अशक्य झाले, की तेथेच बसावे. आराम न पडल्यास, शुद्ध हरपल्यास, किंवा तोंड वाकडे होऊन बोलणे अडखळू लागल्यास सोबत्यांनी विनाविलंब १०८ क्रमांक फिरवावा. म्हणून एकट्याने फिरू नये, आणि खिशात आपल्या विकाराचे व गोळ्यांचे नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. घरच्यांनाही एवढीच विनंती, की फर्मान मागे घेऊन त्यांनी सोबत चालावे.