फोनच्या तारेवरून दुरुस्ती

साखर कारखान्याच्या कचेरीत तुम्ही कधी ना कधी गेला असाल. उसाच्या नोंदीसाठी गेला असाल, नाही तर बिलासाठी. तेथे टेबलाटेबलावर फोन दिसतात. शेतकी खात्याचा फोन वेगळा, वजनकाट्याचा वेगळा, हिशेबनिसांचा वेगळा. पण बाहेरून कारखान्यात येणाऱ्या तारा मोजा. त्या चार-सहाच भरतील. मग चाळीस टेबलांवर चाळीस फोन चालतात कसे?

ते चालतात एका पेटीमुळे. ही पेटी बहुधा कोपऱ्यातल्या खोलीत भिंतीला टांगलेली असते. तिला ईपीएबीएक्स म्हणतात. नाव अवघड आहे, ते पाठ करू नका. आपण तिला कचेरीची पेटी म्हणू. मुंबईत १८८२ साली टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले. त्या काळी एक्स्चेंजात माणूस बसे. तो एकाची तार दुसऱ्याच्या तारेला जोडून देई. ही पेटी तेच काम करते. मात्र एका कचेरीपुरते, आणि माणसावाचून.

पेटी आपल्या मनाने काही करीत नाही. तिला शिकवावे लागते. कोणत्या टेबलावरून बाहेर फोन लावता यावा? रात्री बाहेरचा फोन आला तर घंटा कोठे वाजावी? पहारेकऱ्याच्या खोलीत की वजनकाट्यावर? हे सारे पेटीच्या पोटात लिहून ठेवलेले असते. ते बदलायचे तर पेटीला संगणक जोडतात आणि त्यावरून हुकूम देतात. त्यासाठी पेटीला एक छोटे तोंड ठेवलेले असते.

आता अशी कल्पना करा. गळिताचा हंगाम ऐन भरात आहे. रात्रीचे दोन वाजले आहेत. वजनकाट्यावरून गव्हाणीकडे फोन लागत नाही. ट्रक आणि बैलगाड्या रांगेत उभ्या आहेत. तोडलेला ऊस उभा राहिला की वाळतो, वजनाला घटतो. हा तोटा कोणाचा ते तुम्हांस सांगायला नको. आणि पेटीचा मेस्त्री पुण्याला! तो सकाळची पहिली गाडी धरणार, दुपारी पोचणार. पोचल्यावर त्याला काय दिसावे? तार शाबूत, पेटी शाबूत. फक्त पोटातली एक नोंद चुकलेली. काम दहा मिनिटांचे, आणि खोळंबा बारा तासांचा.

हीच नोंद मेस्त्रीने पुण्यात बसून सुधारली तर? तशी सोय आहे. त्या सोयीसाठी जे यंत्र लागते त्याला मोडेम म्हणतात.

आज घरोघरी वायफायचा डबा आला आहे. त्यालाही लोक मोडेमच म्हणतात. आम्ही सांगतो तो मोडेम त्याचा वडीलभाऊ. हा साध्या फोनच्या तारेवर चालतो. आपल्या देशात इंटरनेट सर्वांसाठी खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. तेव्हा शहरातले लोक याच मोडेमवरून ते वापरीत. जोडणी होताना तो किर्र-खर्र असा आवाज करी. कोणी कान झाकून घेत. पण तो आवाज म्हणजेच मोडेमचे बोलणे होते.

हे बोलणे कसे असते ते पाहू. फोनची तार माणसाच्या आवाजासाठी बांधलेली आहे. आवाज म्हणजे हवेचा कंप. सेकंदाला सुमारे ३०० कंपांपासून ३४०० कंपांपर्यंतचा आवाज तारेवरून नीट जातो. त्याहून जाड किंवा त्याहून बारीक आवाज गाळला जातो. संगणक तर आवाजाने बोलतच नाही. त्याच्याजवळ दोनच खुणा, एक आणि शून्य. सर्व अक्षरे तो या दोन खुणांनी लिहितो. मग या खुणा फोनवर घालायच्या कशा?

दोन डोंगरांवर दोन गुराखी आहेत असे समजा. त्यांनी ठरवले, बारीक शीळ म्हणजे ‘एक’ आणि जाड शीळ म्हणजे ‘शून्य’. झाले काम! आता शिळेवरून हवा तो निरोप जाईल. मोडेम हेच करतो. अमेरिकेत बेल कंपनीने १९६२ साली एक मोडेम काढला. त्यात फोन लावणाऱ्याची जाड शीळ १०७० कंपांची आणि बारीक शीळ १२७० कंपांची. फोन घेणाऱ्याच्या शिळा त्याहून वर, २०२५ आणि २२२५ कंपांच्या. दोघांच्या शिळा निराळ्या, म्हणून दोघे एकाच वेळी बोलले तरी गोंधळ होत नाही. माणसांच्या सभेत मात्र अजून ही सोय झालेली नाही!

या मोडेमवरून सेकंदाला ३०० खुणा जात. एका अक्षराला साधारण दहा खुणा लागतात. म्हणजे सेकंदाला ३० अक्षरे झाली. पुढे वेग वाढत गेला. १९९७ साली सेकंदाला ५६ हजार खुणांपर्यंतचे मोडेम निघाले. पण आपल्या पेटीला एवढी घाई नसते. तिला द्यायचे हुकूम चार-दोन ओळींचे. ते हळू गेले तरी चालते.

पाठवताना खुणांची शीळ करायची, आणि घेताना शिळेच्या पुन्हा खुणा करायच्या. पहिल्या कामाला मॉड्युलेशन म्हणतात आणि उलट कामाला डिमॉड्युलेशन. या दोन शब्दांचे तुकडे जोडून मोडेम हे नाव तयार झाले. एक मोडेम मेस्त्रीच्या संगणकाला लावायचा आणि एक आपल्या पेटीला. मध्ये फोनची तार.

आता पेटीला मोडेम लावण्याचे काम पाहू. हे काम जाणकार माणसानेच करावे. पण कचेरीतल्या एकाला तरी ते कळलेले असावे, म्हणून आम्ही लिहितो.

पहिला प्रश्न तारेचा. मोडेमला कोणती तार द्यावी? पुष्कळ ठिकाणी पेटीतूनच निघालेली एक तार देतात. ती जवळ असते, फुकट असते. पण विचार करा. पेटीच बंद पडली तर ती तारही बंद. मग मेस्त्री फोन करणार कोठे? विहिरीत पडलेल्या माणसाला वर काढायची शिडी विहिरीच्या तळाशी ठेवण्यासारखेच हे झाले. म्हणून मोडेमला बाहेरून थेट आलेली तार द्यावी. फॅक्सची वेगळी तार असेल तर तीही चालेल. आणखी एक गोष्ट आहे. काही पेट्यांतून अधिकाऱ्यांच्या बड्या फोनसाठी खास डिजिटल तारा निघतात. त्यांची खाच साध्या फोनच्या खाचेसारखीच दिसते. चुकून त्यात मोडेम लावला तर तो जळू शकतो. दिसायला सारखे म्हणून खुपसू नये.

दुसरा प्रश्न मोडेम आणि पेटी यांच्यामधल्या केबलचा. तिच्यात एक तार बोलण्याची असते आणि एक ऐकण्याची. एकाची बोलण्याची तार दुसऱ्याच्या ऐकण्याच्या तारेला मिळाली पाहिजे. दोघांच्या बोलण्याच्या तारा समोरासमोर आल्या तर दोघेही बोलतात आणि ऐकत कोणीच नाही. अशा वेळी केबलमध्ये तारांची अदलाबदल करावी लागते. दोघांचा वेगही एकच ठेवावा लागतो. पेटी सेकंदाला ९६०० खुणांनी बोलते आणि मोडेमला १२०० वर बसवलेले आहे, असे झाले तर पडद्यावर भलतीच अक्षरे उमटतात. ती पाहून पेटी बिघडली असे समजू नये. आधी वेग तपासावा.

यानंतर मोडेमला शिकवायचे. फोन आला की तो मोडेमने आपण होऊन उचलला पाहिजे. पुष्कळ मोडेम कारखान्यातून येतात तेव्हा उचलायला शिकलेले नसतात. घंटा वाजत राहते आणि ते ढिम्म. म्हणून ‘पहिल्या घंटेला उचल’ असा हुकूम द्यावा लागतो. अमेरिकेत हेज नावाच्या कंपनीने १९८१ साली एक मोडेम काढला. संगणकावर अक्षरे लिहूनच त्याला हुकूम देता येत. त्याचे हुकूम ‘एटी’ या दोन अक्षरांनी सुरू होतात. एटी म्हणजे ‘इकडे लक्ष दे’. शाळेत आम्ही छडी आपटून हेच सांगत असू. पुढे बाकीच्या कंपन्यांनीही तेच हुकूम उचलले. घंटेचा हुकूम आहे ‘एटीएस०=१’.

येथे एक गंमत होते. मोडेमला बडबडण्याची खोड असते. घंटा वाजली की तो ‘रिंग’ असे लिहून पेटीकडे पाठवतो. हुकूम मिळाला की ‘ओके’ म्हणतो. पेटीला वाटते, मेस्त्रीच काही सांगतो आहे. ती उत्तर देते, ‘हुकूम समजला नाही.’ ते उत्तर मोडेमला हुकमासारखे दिसले तर तो पुन्हा काही बोलतो. अशी दोघांची जुंपते आणि मेस्त्री बाहेरच राहतो. म्हणून पेटीकडच्या मोडेमला गप्प राहण्याचाही हुकूम द्यावा लागतो. शेवटी हे सारे त्याच्या कायमच्या आठवणीत साठवायचे. हे विसरलात तर वीज गेली की मोडेम सारे विसरतो. आपल्याकडे वीज किती वेळा जाते ते तुम्ही जाणताच. त्या तारेवर ‘कॉल वेटिंग’ची सोय असेल तर तीही काढून टाकावी. मध्येच दुसरा फोन आल्याचा टिकटिक आवाज झाला की जोडणी तुटण्याचा संभव असतो.

इथपर्यंत सोपं आहे. खरी काळजी पुढेच आहे.

मेस्त्री जर पुण्याहून आपल्या पेटीत शिरू शकतो, तर दुसरा कोणी शिरणार नाही कशावरून? मोडेम माणूस ओळखीत नाही. कोणीही फोन केला तरी तो उचलतो आणि शीळ घालतो. चोर लोक संगणकाला कामाला लावतात. तो एकापाठोपाठ एक नंबर फिरवीत जातो. माणसाचा आवाज आला की सोडून देतो, शीळ ऐकू आली की नंबर टिपून ठेवतो. १९८३ साली ‘वॉरगेम्स’ नावाचा अमेरिकन चित्रपट आला. त्यात एक पोरगा असेच करतो. त्यावरूनच या उद्योगाला ‘वॉर डायलिंग’ असे नाव पडले.

नंबर सापडला, आता परवलीचा शब्द हवा. तो तरी कोठे गुप्त असतो? नवी पेटी येते तेव्हा तिचा परवलीचा शब्द कंपनीने घातलेला असतो, आणि तो माहितीच्या पुस्तकात छापलेला असतो. तेच पुस्तक चोराकडेही असते. आमच्या ओळखीच्या एका कचेरीत हा शब्द कधीच बदलला गेला नव्हता. शनिवारी संध्याकाळी कचेरी बंद झाली. सोमवारपर्यंत त्यांच्या तारांवरून परदेशी फोन चालू होते. महिनाअखेर बिल आले ते नेहमीच्या कित्येक पटींनी मोठे. “आम्ही फोन केलेच नाहीत!” असे कचेरीवाल्यांनी परोपरीने सांगितले. पण फोन त्यांच्याच तारेवरून गेले होते. पैसे भरावे लागले.

यात चोराचा फायदा काय, असे तुम्ही विचाराल. परदेशातले काही नंबर फार महाग असतात. त्या नंबरांवर जितका वेळ फोन चालेल तितका पैशांचा वाटा चोरांच्या टोळीला मिळतो. सुटीचे दिवस आणि रात्र त्यांना बरी, कारण कचेरीत कोणी नसते.

म्हणून परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलावा. मेस्त्री बदलला की पुन्हा बदलावा. पहिला मेस्त्री भला माणूस असला तरीही बदलावा, त्यात त्याचा अपमान नाही. ज्या कचेरीला परदेशी फोनची गरज नाही तिने ती सोय फोन कंपनीकडे अर्ज करून बंद करून घ्यावी. काही मोडेम आणखी हुशार असतात. मेस्त्रीचा फोन आला की ते खाली ठेवतात, आणि ठरलेल्या पुण्याच्या नंबरावर आपण होऊन फोन लावतात. चोराने फोन केला तर परतीचा फोन जातो मेस्त्रीकडे.

पण आमच्या मते सर्वांत चांगला उपाय बिनखर्चाचा आहे. काम नसेल तेव्हा मोडेमची पिन काढून ठेवावी. मेस्त्रीला काम असेल तर तो आधी साधा फोन करील. त्याचा आवाज ओळखावा, काय काम आहे ते विचारावे, मग पिन लावावी. काम संपले की मेस्त्रीला “बाहेर पडलात का?” असे विचारावे. काही पेट्यांत रीतसर बाहेर न पडता फोन तुटला तर आतला दरवाजा उघडाच राहतो. पुढचा फोन करणारा परवलीचा शब्द न सांगताच आत जातो. हे विचारून घेतले की पिन काढावी आणि वहीत तारीख-वेळ लिहावी.

आता नव्या पेट्या इंटरनेटवरून दुरुस्त होतात. त्यांना हा मोडेम लागत नाही, परवलीचा शब्द मात्र लागतोच. जुन्या पेट्या अजून पुष्कळ ठिकाणी चालू आहेत. गावोगाव तांब्याच्या तारा जाऊन काचेच्या तंतूची जोडणी येत आहे. तिच्यावर आवाजाचे तुकडे करून पाठवतात आणि पलीकडे पुन्हा जोडतात. माणसाचे बोलणे त्यातून नीट कळते, पण मोडेमची शीळ कधी कधी फाटते. तेव्हा कचेरीतली तार बदलायला माणसे आली तर “या तारेवर मोडेम आहे” असे त्यांना आधी सांगावे, आणि ती माणसे कचेरीत असतानाच मेस्त्रीला पुण्याहून एकदा फोन लावायला सांगावा.

पेटीच्या दाराला आतून एक चिठ्ठी चिकटवावी. तिच्यावर मोडेम कोणत्या तारेवर आहे ते लिहावे, वेग किती ठेवला ते लिहावे आणि मेस्त्रीचा नंबर लिहावा. परवलीचा शब्द तिच्यावर लिहू नये. तो बंद पाकिटात घालून व्यवस्थापकांच्या तिजोरीत ठेवावा.