आधी सावली मोजा

"रोज सकाळी आठच्या आत कोवळे ऊन घ्या, ड जीवनसत्त्व भरपूर मिळते." असा संदेश विद्यार्थ्यांच्या घरी मोबाइलवर येतो. पाठोपाठ दुसरा येतो, "उन्हात जाऊच नका, जायचे तर ५० एसपीएफचे सनस्क्रीन लावून." दोन्हींखाली कुणा डॉक्टरांचे नाव असते. मग मानायचे कोणाचे? संगमेश्वरच्या शाळेच्या पटांगणात एक काठी रोवली की निम्मे उत्तर मिळते.

त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे आणि त्वचा भाजणारे किरण मुख्यतः एकच, अतिनील-ब. ओझोनचा थर त्यांतले बरेचसे शोषतो. सूर्य खाली असला की किरणांना या थरातून तिरपे, लांबचे अंतर कापावे लागते आणि जमिनीवर फारच थोडे पोहोचतात. सूर्याची उंची सावलीवरून कळते. एक मीटरच्या काठीची सावली मीटरभराहून आखूड झाली, म्हणजे सूर्य ४५ अंशांच्या वर आला. आता हे किरण जोरात आहेत. (अंगाला लागणाऱ्या उष्म्यावरून मात्र त्यांचा अंदाज येत नाही.)

संगमेश्वर सुमारे १७.२ उत्तर अक्षांशावर आहे. ८ मेच्या सुमारास दुपारी साडेबाराला सूर्य थेट डोक्यावर येतो, काठीची सावली नाहीशी होते. त्या दिवशी सकाळी आठला सावली काठीच्या दुप्पट असते, डिसेंबरअखेर आठलाच जवळजवळ पाचपट. तेव्हा आठचे ऊन खेळायला उत्तम, पण ड जीवनसत्त्वासाठी फारसे कामाचे नाही. 'दहा ते चार ऊन टाळा' हा नियमही इथे जसाच्या तसा बसत नाही. मे महिन्यात सव्वानऊनंतर लगेच सावली काठीहून आखूड होते. डिसेंबरअखेर ती तशी असते फक्त सव्वाअकरा ते दोनच्या दरम्यान. कवायतीची वेळ ठरवताना एवढे पाहावेच.

दुसरा प्रश्न, सल्ला कोणत्या त्वचेसाठी? ऑस्ट्रेलियात गोऱ्या लोकांना त्वचेच्या कर्करोगाचा धोका मोठा, म्हणून तिथले इशारे कडक. सावळ्या त्वचेतील मेलॅनिन काही प्रमाणात संरक्षण देते, पण त्यामुळेच ड जीवनसत्त्व तयार व्हायला अधिक वेळ लागतो. ऊन अजिबात टाळण्याचे परिणाम आपल्याकडेच दिसले आहेत. हचिसन आणि शाह यांनी नाशिक भागातील पाहणी १९२२ साली प्रसिद्ध केली. पडदा पाळणाऱ्या सुखवस्तू घरांतील मुलांत मुडदूस होता, उन्हात राबणाऱ्या गरिबांच्या मुलांत तो जवळजवळ नव्हता.

राहिले सनस्क्रीन. १५ एसपीएफचे सनस्क्रीन अतिनील-ब किरणांपैकी सुमारे ९३ टक्के अडवते, ३० चे ९७ आणि ५० चे ९८. आकडा वाढतो तसे संरक्षण वाढत नाही. शिवाय हे मोजमाप दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा जाड थर देऊन केलेले असते. आपण लावतो त्याहून बरेच कमी, आणि कोकणातल्या घामात तेही टिकत नाही. भर दुपारी शेतावर जाणाऱ्याला टोपी आणि लांब बाह्यांचा सदरा अधिक भरवशाचा.

काठीचा प्रयोग मे महिन्यात सुट्टीमुळे हुकला, तर ४ ऑगस्टच्या सुमारास सूर्य पुन्हा डोक्यावर येतो. तेव्हा सावली पाहायला मिळेल का, हे अर्थात पावसाच्या हाती.